स्वमग्न मुलाचें घरचें शिक्षण

या विषयावर बोलण्याविषयीं मला विचारणा झाली तेव्हां प्रथम मी नाहींच म्हणालें. मी शिक्षणशास्त्राची पदवीधर नाहीं, वैद्यही नाहीं. एका बँकेंत बारा वर्षें नोकरी केली, ती सोडली, आणि गेलीं नऊ वर्षें एकच विद्यार्थी असलेली एक शाळा मी घरीं चालवीत आहें. तो विद्यार्थी म्हणजे माझा धाकटा मुलगा. त्याला नुकतीं सोळा वर्षें पूर्ण झालीं. या शाळेंत चुका पुष्कळ झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक शिक्षिकेच्या होत्या. त्या सांगितल्या तर कोणाच्या तरी घरीं उपयोगीं पडतील, असें कार्यक्रमाच्या चालकांनीं म्हटल्यावर मात्र मला नाकारतां येईना.

तो आठ वर्षांचा असतांनाची एक संध्याकाळ आधीं सांगतें. वर्तमानपत्राचे पैसे न्यावयास मुलगा दाराशीं आला होता. मी सुटे पैसे आणण्यासाठीं आंत गेलें आणि दार उघडें राहिलें. बाहेर येऊन पाहतें तों चिरंजीव नाहींत. जिना, अंगण, गल्ली, कोपऱ्यावरचा वाणी, सगळें पाहून झालें. अडीच तासांनीं तो स्वारगेटच्या बसस्थानकावर सांपडला. बसगाड्यांच्या पाट्या हा त्याचा त्या काळचा ध्यास होता, म्हणून त्याचे वडील शोधत शोधत तेथें जाऊन पोंचले. एका हवालदारांनीं त्याला खुर्चीवर बसविलें होतें, हातांत बिस्किटें दिलीं होतीं, आणि ते बिचारे तासभर त्याच्याशीं बोलत होते. “बाळ, तुझं नांव काय?” असें त्यांनीं विचारावें, आणि यानें शांतपणें म्हणावें, “बाळ, तुझं नांव काय?” “कुठं राहतोस?” “कुठं राहतोस?” पोरगा थट्टा करतो आहे असें त्यांना आधीं वाटलें, मग याला कांहीं दुखणें असावें असें वाटलें, आणि मग ते नुसते त्याच्याजवळ बसून राहिले. त्या गृहस्थांचे उपकार आम्ही विसरलों नाहीं.

आतां गंमत अशी (तिला गंमत म्हणण्याचें धैर्य आज आहे, त्या दिवशीं नव्हतें) कीं माझ्या शाळेंत त्याला एक वर्ष पुरें झालेलें होतें. वीसपर्यंतचे पाढे पाठ होते. अक्षर मोत्यासारखें होतें. घरीं पाटावर समोर बसवून मीं “तुझं नांव काय?” म्हणून विचारलें, तर संपूर्ण नांव, पत्ता आणि दूरध्वनीचा क्रमांक तो एका दमांत सांगत असे, एकदांही चुकला नव्हता. मुलगा सांपडला तरी त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. वर्षभर मीं त्याला काय शिकविलें, हाच विचार डोक्यांत घोळत राहिला. मीं त्याला त्याचें नांव शिकविलेंच नव्हतें. सकाळीं नऊ वाजतां, त्या पाटावर, मी अमुक शब्द उच्चारले कीं त्यानें तमुक शब्द उच्चारावयाचे, एवढेंच तो शिकला होता.

हें असें कां होतें, हें समजावयाचें तर ही अवस्था काय आहे तें थोडें सांगितलें पाहिजे. मराठींत तिला स्वमग्नता म्हणतात. ऑटिझम या शब्दाचा तो पर्याय आहे. ग्रीक भाषेंत ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. स्वमग्न हा शब्द मला फारसा रुचत नाहीं. मग्न म्हटलें कीं समाधि लावून बसलेल्या योग्याचें चित्र डोळ्यांसमोर येतें. माझ्या मुलाला बाहेरचें जग कमी जाणवत नाहीं, फार जाणवतें. स्वयंपाकघरांतील कुकरची शिटी, मिक्सरची घरघर, शर्टाच्या मानेमागची चिठ्ठी, ट्यूबलाईटचा आपल्याला ऐकूंही न येणारा गुणगुणाट, या सर्व गोष्टी एकाच वेळीं आणि एकाच मोठ्या आवाजांत त्याच्यावर चालून येतात. उलट माणसाच्या चेहऱ्यावरची रेषा, आवाजांतला चढउतार, बोटानें दाखविलेली दिशा, ज्यांतून तुमचीं आमचीं मुलें न शिकवितां शिकतात, त्यांचा अर्थ त्याला आपोआप लागत नाहीं. ही मेंदूची घडण जन्माच्या आधींपासूनच निराळी झालेली असते आणि तींत आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. या छत्राखालीं येणारीं मुलें एकसारखीं मात्र नसतात. कोणी मुळींच बोलत नाहीं, कोणी पंडितासारखें बोलतो; कोणाची बुद्धि मंद असते, कोणाची सामान्यांहून तीक्ष्ण. तेव्हां मी सांगतें तें माझ्या मुलाचें, हें कृपा करून लक्षांत असूं द्यावें.

गोंवराच्या लशीनें हें होतें अशी एक समजूत अजून शिकल्यासवरल्या घरांतही आढळते. ज्या लेखामुळें ती पसरली तो १९९८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आला होता. २०१० सालीं त्या नियतकालिकानें तो मागें घेतला, आणि लिहिणाऱ्या डॉक्टरांचें नांवही इंग्लंडच्या वैद्यकीय नोंदवहींतून काढून टाकण्यांत आलें. या विषयावर यापेक्षां जास्त वेळ घालविण्याचें कारण नाहीं.

या अवस्थेचें एक प्रसिद्ध वर्णन १९४३ सालचें आहे. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांच्या हकीकती एकत्र प्रसिद्ध केल्या. आठ मुलगे आणि तीन मुली. त्यांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यांतील फॉरेस्ट या लहानशा गांवचा डोनाल्ड ट्रिप्लेट. डॉक्टरांकडे नेण्यापूर्वीं त्याच्या वडिलांनीं मुलाविषयीं तेहतीस पृष्ठांचें टंकलिखित पत्र पाठविलें होतें. त्या हकीकतींतला एक प्रसंग मीं वाचला आणि स्वारगेटची संध्याकाळ मला उलगडली.

डोनाल्डला होय आणि नाहीं या शब्दांचा उपयोग ठाऊक नव्हता. विचारलेला प्रश्नच परत म्हणणें हाच त्याचा होकार. एकदां वडिलांनीं त्याला विचारलें, तुला खांद्यावर घेऊं का? त्यानें नेहमीप्रमाणें प्रश्नच परत म्हटला. तेव्हां वडिलांनीं सांगितलें कीं घ्यावयास हवें असेल तर होय म्हण, नको असेल तर नाहीं म्हण. मुलगा होय म्हणाला. वडिलांनीं त्याला खांद्यावर घेतलें. मोठें यश मिळालें असें त्यांना वाटलें असेल. परंतु त्या दिवसापासून ‘होय’ या शब्दाचा डोनाल्डच्या लेखीं अर्थ एकच झाला, कीं मला खांद्यावर घ्या.

घरीं शिकविणाऱ्या प्रत्येक आईबापानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपण शब्द शिकवितों; मूल त्याबरोबर खांदा, खोली, वेळ, आईचा आवाज आणि पाटाचा रंगही शिकतें, आणि यांतलें मुख्य कोणतें व गौण कोणतें हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. एका ठिकाणीं शिकलेली गोष्ट तेथेंच खिळ्यानें ठोकल्यासारखी राहते. ती उपटून दुसरीकडे लावणें हें शिक्षकाचें काम, आणि घरच्या शाळेंत नेमकें तेंच राहून जाण्याचा धोका अधिक; कारण घर तेंच, शिक्षिका तीच, आणि मुलाच्या मनांतलें ओळखण्याची शिक्षिकेला संवय झालेली.

मग आम्ही पुन्हां श्रीगणेशा केला. त्याची रीत थोडी विस्तारानें सांगतें, कारण ती कोणासही करतां येईल. पहिली गोष्ट ही कीं जो प्रश्न विचारील त्यानें उत्तर सांगावयाचें नाहीं. विचारणाऱ्यानेंच उत्तर सांगितलें तर मूल प्रश्न आणि उत्तर या दोहोंची मिळून एकच माळ पाठ करतें. म्हणून त्याचे वडील समोर बसून विचारीत, “तुझं नांव काय?” आणि मी मुलाच्या मागें बसून, त्याच्या तोंडून प्रश्नाचा प्रतिध्वनि निघण्याच्या आधींच, कानाशीं त्याचें नांव हळूच म्हणत असें. तो तें उच्चारी. आठवड्यानंतर मी पहिलें अक्षरच म्हणूं लागलें. पुढें नुसता पाठीला हात लावूं लागलें. मग हातही काढला.

हें झाल्यावर विचारणारीं माणसें बदललीं. थोरली बहीण, सासूबाई, समोरच्या बिऱ्हाडांतले निवृत्त मास्तर. शब्दही बदलले: “नांव सांग पाहूं”, “कोण रे तूं?”, “काय म्हणतात तुला घरीं?” प्रत्येक वेळीं गाडी पुन्हां पहिल्या स्थानकावर जाई, परंतु दर खेपेला थोडी लवकर सुटे. मग जागा बदलली. जिन्यांत, वाण्याच्या दुकानांत, रिक्षाच्या अड्ड्यावर, बसच्या थांब्यावर. आमच्या भागांतल्या रिक्षावाल्यांना मीं हात जोडून सांगितलें होतें कीं हा दिसला कीं त्याचें नांव विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दहा अंक मनांत मोजा. घाई करूं नका. त्यांनीं तें इतकें मनावर घेतलें कीं एखादे दिवशीं आम्हांला भाजी आणावयास तासभर लागे. नांव आणि पत्ता कोणीही, कोठेंही विचारला तरी सांगतां येईपर्यंत सात महिने गेले. मधल्या काळांत दाराला उंचावर कडी लावली, आणि प्रत्येक शर्टाच्या आंतल्या बाजूस आमचा दूरध्वनि क्रमांक शिवून टाकला. शिक्षणाला वेळ लागतो. मूल रस्त्यावर जाण्यास दोन मिनिटें पुरतात.

सर्वांत कठोर परीक्षक सासूबाई ठरल्या. मी, माझे यजमान, मुलगी, आम्ही तिघेंही त्याच्या अर्ध्या शब्दावरून उरलेलें ओळखून घेत असूं. सासूबाईंना तें येत नसे, किंवा येत असूनही त्या करीत नसत. त्यानें नुसतें “पाणी” म्हटलें कीं त्या विचारीत, “पाण्याचं काय झालं?” मला त्यांचा राग येई. पुढें कळलें कीं “मला पाणी हवं आहे” हें पूर्ण वाक्य तो प्रथम त्यांच्यापाशींच बोलला.

आपल्या भाषेनें या कामांत जशी अडचण केली तशी मदतही केली. ऐकलेलें जसेंच्या तसें म्हणण्याची संवय असल्यामुळें तो पाणी मागतांना “तुला पाणी हवं का?” असें म्हणे. मी आणि तूं यांचा गोंधळ ही गोष्ट कॅनर यांनींही नोंदलेली आहे. परंतु मराठींत एक आणखी पेंच आहे. दिवसभर माझेंच बोलणें कानांवर पडल्यामुळें चिरंजीव “मी येतें”, “मी जेवलें”, “मी दमलें” असें बोलूं लागले. पाहुणे हंसत. खरें म्हणजे तो नेमकी नक्कलच करीत होता. मी हा शब्द बोलणाऱ्याप्रमाणें फिरतो, क्रियापदही त्याच्याबरोबर फिरतें, हें त्याला कोण सांगणार? यावर उपाय त्याच्या वडिलांनीं केला. रोज संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर अर्धा तास जें जें करतील तें तें ते मोठ्यानें बोलून दाखवीत: मी बूट काढतों, मी हात धुतों, मी चहा पितों. सहा महिन्यांत ‘येतें’चें ‘येतों’ झालें. या निमित्तानें बाप आणि मुलगा रोज अर्धा तास एकत्र बसूं लागले, हा लाभ वेगळाच.

शब्दशः अर्थ घेण्याचा त्याचा स्वभाव अजून गेलेला नाहीं. घरांतून निघतांना जातों म्हणूं नये, येतों म्हणावें, ही आपली रीत. पाहुणे दाराशीं उभे राहून “येतों हं” म्हणत आणि जात. हा दार धरून त्यांची वाट पाहत उभा राहत असे. “पांच मिनिटांत आलेंच” हें वाक्य आपण दिवसांतून कितीदां बोलतों आणि किती वेळां तें खरें असतें, याचा हिशेब माझ्या मुलानें भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून माझ्यापुढें ठेवला. सहाव्या मिनिटाला आकांत सुरू होई. लोकांना तो हट्ट वाटे. आतां मी पंचवीस मिनिटें म्हणतें आणि बाविसाव्या मिनिटाला येतें.

आकांताविषयीं माझें मत स्पष्ट आहे. त्याला कारण असतें आणि तें शोधणें हें मोठ्या माणसांचें काम आहे. आमच्याकडे तीन शिट्या झाल्या कीं कुकर उतरावयाचा, असा नियम त्यानें स्वतःच धरला होता. कडधान्याच्या दिवशीं चौथी शिटी झाली कीं तो भिंतीवर डोकें आपटी. कडधान्याच्या दिवशीं स्वयंपाकघराच्या दारावर ‘आज सहा शिट्या’ अशी पाटी लावूं लागलों आणि तो प्रकार थांबला. गणपतीच्या दिवसांत पुण्यांत ढोलताशांपासून पळून जावें अशी जागा नाहीं. कान झांकणारीं जाड कर्णकवचें आणलीं, मिरवणुकीच्या दिवशीं गांवाबाहेर जाऊं लागलों. एके काळीं अमेरिकेंत अशा मुलांना शिस्त लावण्यासाठीं ओरडणें, चापट मारणें, इतकेंच काय विजेचा धक्का देणें, हेही प्रकार नामांकित प्राध्यापकांनीं केले. मुलें त्यामुळें गप्प बसलींही असतील. त्यांतलीं कित्येक आज प्रौढ आहेत, आणि त्या वेळीं आपल्याला काय वाटत होतें हें तीं लिहूं बोलूं लागलीं आहेत. तें ऐकल्यावर हा मार्ग कोणी चोखाळूं नये असें मला वाटतें.

आईबापांवर मात्र या शास्त्रानें प्रथम मोठा अन्याय केला. आईच्या थंड वागण्यानें मूल असें होतें, ही कल्पना १९५० च्या आसपास रूढ झाली आणि पुढें वीस वर्षें टिकली. कॅनर यांच्याही कांहीं विधानांनीं तिला आधार मिळाला होता. १९६९ सालीं पालकांच्या सभेंत त्यांनीं आईबापांना दोषमुक्त ठरविलें. त्या आधींच, १९६४ सालीं, बर्नार्ड रिम्लंड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ग्रंथ लिहून ही कल्पना खोडून काढली. १९६७ सालीं क्लारा पार्क या आईचें ‘द सीज’ हें पुस्तक आलें. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्सटाऊन येथें तिनें आपल्या धाकट्या मुलीला घरीं कसें शिकविलें त्याची ही हकीकत. मुलीच्या हातावर आपला हात ठेवून काम करून घ्यावयाचें आणि दिवसेंदिवस आपला जोर कमी करीत जावयाचें, अशी तिची पद्धति. ती मुलगी, जेसी, मोठेपणीं विल्यम्स महाविद्यालयाच्या टपालखोलींत नोकरी करूं लागली, आणि इमारतींचीं झगझगीत रंगांतलीं चित्रें काढणारी चित्रकार म्हणून प्रसिद्ध झाली. पुढें नॉर्थ कॅरोलायनांत एरिक शॉप्लर यांनीं आईबापांनाच सहशिक्षक मानून काम उभें केलें, आणि १९७२ पासून तें त्या राज्याचें अधिकृत कार्य झालें. आपल्याकडे दिल्लींत १९९१ सालीं ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली तीही मेरी बरुआ या एका आईनेंच.

आम्ही शाळा कां सोडली, असें मला नेहमीं विचारतात. शाळेचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. बाई मायाळू होत्या, पण वर्गांत साठ मुलें आणि डोक्यावर घंटा. दुसरींत असतांना तो दिवसाचा बराच वेळ बांकाखालीं काढूं लागला, आणि “याला घरींच ठेवलेलें बरें” असें आम्हांला सांगण्यांत आलें. आज मी असें ऐकून घेणार नाहीं. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, आणि सरकारी अनुदान अगर मान्यता असलेल्या शाळेनें भेदभाव न करतां अशा मुलास प्रवेश द्यावा अशी तरतूद आहे. घरची शाळा ही श्रेष्ठ शाळा, असा माझा मुळींच दावा नाहीं. चांगली शाळा जवळ असेल तर मूल तेथें पाठवावें आणि आईनें आपली नोकरी करावी. माझी नोकरी गेली, आणि थोरल्या मुलीचीही पुष्कळ वर्षें माझ्या हातून निसटलीं. ती तेरा वर्षांची असतांना एकदां म्हणाली, “आई, मला एक दिवस ताप येऊं दे, म्हणजे तूं माझ्याजवळ बसशील.” त्यानंतर रविवारची दुपार तिची ठरली, त्या दुपारीं घरांत कांहींही झालें तरी मी तिच्याबरोबर बाहेर असें.

आतां अभ्यासाविषयीं. डोनाल्ड नऊ वर्षांचा असतांना त्याला गांवाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यांत आलें. त्याला मोजमापाचें वेड होतें. त्यांनीं त्याला विहीर खणावयास लावून तिच्या खोलीचा हिशेब ठेवावयास सांगितलें. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हां मोजत बसे. त्यांनीं हातीं नांगर दिला आणि नांगरतां नांगरतां मोज म्हणून सांगितलें. कॅनर स्वतः तेथें गेले तेव्हां हा मुलगा घोडा वळवून घेऊन लांबच लांब ओळी व्यवस्थित नांगरीत होता. गांवच्या शाळेंतही त्याला संभाळून घेतलें. पुढें तो पदवीधर झाला, बँकेंत नोकरीस लागला, गोल्फ खेळला, देशोदेशींचा प्रवास केला, आणि २०२३ सालीं वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं आपल्याच गांवीं वारला. त्या शेतकऱ्यानें कोणताही ग्रंथ वाचला असेल असें मला वाटत नाहीं.

आमच्याकडे मक्याच्या ओळी नव्हत्या, बसगाड्या होत्या. पुण्याच्या बसगाड्यांवर क्रमांक देवनागरींत असतात, ही मोठीच सोय झाली. आंकडे तो पाट्यांवर शिकला, आणि अक्षरेंही: कात्रजचा क, हडपसरचा ह, निगडीचा न. जोडाक्षराचा पहिला धडा म्हणजे स्वारगेट. तिकिटाच्या पैशांवर बेरीज वजाबाकी, वेळापत्रकावर तास मिनिटें, मार्गांवरून भूगोल. आपल्या भाषेंतील आंकड्यांचीं नांवें अवघड म्हणून २०१९ सालीं दुसरीच्या पुस्तकांत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशीं नांवें आलीं आणि केवढा गदारोळ झाला, तो आपणांस आठवत असेल. आमच्या विद्यार्थ्याला तीं नवीं नांवें पटलीं नाहींत. एकोणतीस तो एकोणतीस, असें त्याचें म्हणणें होतें.

हातांनीं करावयाच्या कामांत आम्ही शेवटाकडून सुरुवात केली. शर्टाचीं सगळीं बटणें मीं लावावयाचीं, शेवटचें त्यानें. तें जमलें कीं शेवटचीं दोन. काम पुरें झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशीं त्याच्या पदरीं पडे. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर टांगलेला असे. दांत घासणें, आंघोळ, धडे, बस, जेवण. काम झालें कीं चित्र काढून खालच्या पिशवींत टाकावयाचें. पट्टींत अधूनमधून ‘आज बदल’ असें एक पिवळें पत्रक घातलेलें असे. प्रथम तें आइस्क्रीमच्या दिवशींच घातलें. बदलाचें पत्रक म्हणजे संकट नव्हे, एवढें पटल्यावर मग दंतवैद्याच्या दिवशींही तें चाललें.

सध्यां तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीची तयारी करतो आहे. तेथें विषय एकेक करून देतां येतात, आणि मराठी माध्यमाचीही सोय आहे. गणित सुटेल, भाषेच्या पेपरांत एखाद्या पात्राला काय वाटलें असेल असा प्रश्न आला तर सांगतां येत नाहीं. पण परीक्षा ही आमची खरी काळजी नव्हे. आम्ही दोघें पन्नाशी ओलांडलेलीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें अठरा वर्षांनंतर अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून घेतां येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे करावयाचा. थोरली म्हणते, माझें नांव घाला. तिचें वय बावीस. तिच्यावर हें ओझें आतांच घालावें कीं नाहीं, यावर आमच्या घरांत एकमत झालेलें नाहीं. तोंवर एकच करतों. तिच्यावर पडेल तें काम जितकें कमी करतां येईल तितकें करतों. तो भात लावतो, कपडे वाळत घालतो, बँकेंत पैसे भरण्याची चिठ्ठी लिहितो. गेल्या महिन्यांत तो एकटा बसमध्यें बसून आत्याकडे गेला. मागच्या बसमध्यें त्याचे वडील होते, हें त्याला ठाऊक नव्हतें. वाटेंत तिकीट तपासनिसानें नांव विचारलें, असें त्यानें घरीं आल्यावर सांगितलें. तूं काय सांगितलंस, म्हणून मीं विचारलें. “नांव सांगितलं,” तो म्हणाला, आणि मीं हें काय विचारलें अशा नजरेनें माझ्याकडे पाहूं लागला.

माझी वेळ संपत आली. घरच्या फळ्यावर मी ‘आई सहा वाजून दहा मिनिटांनीं येईल’ असें लिहून आलें आहें. रस्त्यांत गर्दी असते, म्हणून वीस मिनिटें जास्तच धरलीं आहेत.